बांधावरचा सुरू

२ फेब्रुवारी २००२, शनिवार

विलास कटर घेऊन आला. पेट्रोलवर चालतं ते, झाडं कापायचं. बोळिंजला बिल्डिंगांच्या प्लॉटवर झाडं पाडणाऱ्या टोळीबरोबर दिवाळीपासून जातोय, त्यांच्याच मुकादमाचं जुनं. ओट्यावर पेपर पसरला आणि त्यावर ठेवलं, जसा काही घरात गणपतीच आणलाय. मला म्हणतो, "वैनी, हात लाव. चावत नाय."

त्याची कंपनी बंद पडल्यापासून इतका खूश बघितला नव्हता त्याला. चौतिशीचा घोडा झालाय. पण मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा चौथीत होता, आणि नवी पाटी मिळाली की तोंड अस्संच व्हायचं. ह्यांनी मशीन उचलून बघितलं, म्हणाले, "जड हाय." बस. धाकट्या भावाला ह्याहून जास्त कधी काही बोलत नाहीत.

दोरी ओढून चालू केलं तर गाय दावं तोडून पळाली. तिला शोधण्यात संध्याकाळ गेली.

६ फेब्रु.

वि.ला आळीभर बोलावणी. कुणाचा वाळलेला शेवगा, कुणाचं घरावर आलेलं जांभूळ. फुकट कापून देतो, वर लाकडाचे तुकडे करून रचूनही देतो. आज शेजारच्या मंदाचा मेलेला माड पाडला. अख्खी आळी बघायला. हा हाफ पँट, स्लिपर, अंगात काही नाही. एका हातात मशीन धरून दुसऱ्या हाताने लोकांना "मागं सरा" करतोय.

आमची आरती ओरडली, "काका, निदान पायात बूट घाल!" तर म्हणे, "तुझ्या लग्नात घालीन."

माड पडला तो मंदाच्या गोठ्याला घासून. कौलं फुटली. सगळे हसले, मंदाही हसली. मी नाही हसले. घरी येऊन ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा ना त्याला. "शिकंल हलूहलू."

१२ फेब्रु.

धुण्यात वि.ची पँट. मांडीवर फाटलेली. फाटलेली नाही, कापलेली. आतून रक्ताचा डाग, त्यानेच चोळून काढायचा प्रयत्न केलेला दिसतो.

विचारलं. "खिळ्याला लागली." खिळ्याने अशी दातेरी नाही फाटत. मग कबूल झाला. फांदीच्या टोकाला लागलं आणि मशीन उलटून अंगावर आलं. "जरासंच वैनी. मुकादमाकडच्या एकाची तर बोटं गेली, तो पन येतोय कामावर." हे त्याने मला धीर द्यायला सांगितलं.

१३ फेब्रु.

पेट्रोलचा कॅन गोठ्यात गवताखाली लपवला. त्याने तासाभरात शोधला. रागावला नाही. "वैनी, गवतात पेट्रोल? गोठा पेटला असता ना." त्याचंच बरोबर होतं. मलाच लाज वाटली.

२० फेब्रु.

आरतीचं पक्कं झालं. १९ मे. नालासोपाऱ्याची मंडळी, मुलगा चांगला आहे, कमी बोलतो. आरतीला चालतंय म्हणजे झालं.

आचारी येऊन गेला. लाकूड लागणार, भरपूर, आणि सुकलेलं. "गॅसवर एवढ्या मानसांचा भात मोकला व्हत नाय." आता कापलं तर मेपर्यंत वाळेल. हे म्हणाले बांधावरचा सुरू काढू. उंच आहे, सरळ आहे, सुरूसारखं जळण नाही. ह्यांच्या मनात अर्नाळ्याकडची जुनी कुऱ्हाडवाली माणसं बोलवायची होती. दोर लावून, फांद्या आधी उतरवून, दोन दिवसांचं काम. वि.चं तोंड उतरलं. "दादा, घरात मशीन असताना? आरतीच्या लग्नाचं लाकूड दुसरा कोन कापनार?"

हे माझ्याकडे बघायला लागले. पुतणीवर जीव आहे त्याचा. हे "बरं" म्हणाले.

२४ फेब्रु., रविवार

झालं ते असं.

वि. म्हणाला झाड आपल्या वाडीत पाडतो, भेंडीचा वाफा रिकामाच आहे. हे म्हणाले आधी दोर बांध. "कशाला दादा, वाफ्याकडंच कललाय तो." मला तर तो कुठेच कललेला दिसत नव्हता. पाडायच्या बाजूला खाच घेतात असं हे सांगत होते, ते मशीनच्या आवाजात विरलं. वि.ने एकाच बाजूने सरळ आत घातलं. अर्ध्याच्या पुढे गेलं आणि झाड मागे बसलं, मशीनची पट्टी आत दाबली गेली. ओढतोय, शिव्या घालतोय, निघत नाही. तेवढ्यात खाडीकडून वारा.

कडकड असा आवाज आला की मी डोळेच मिटले. उघडले तर सुरू बुंध्यावर गर्रकन फिरून उलट बाजूला गेला होता. पायवाटेवर. पण खाली नाही आला. पलीकडच्या जनूभाऊंच्या आंब्याच्या बेचक्यात शेंडा अडकला आणि तसाच तिरका राहिला. बुंधा अजून खाली राहिलेल्या खुंटाला एका पट्ट्याने धरून. वि. मशीन सोडून वाफ्यात पडलेला. उठला, माती झटकली. हसला. कुणीतरी टाळी वाजवली.

पायवाटेने मंदाची सासू हंडा घेऊन येत होती. झाडाच्या खालून आली, वर बघितलं, आणि तशीच पुढे गेली.

२५ फेब्रु.

वि. म्हणतो आंब्याची ती फांदी कापली की सुरू खाली येईल. जनूभाऊ कुंपणाशी उभे. आंबा अंगभर मोहरलाय. "माज्या आंब्याला पातं लावलंस तं बघ. आंबा उतरंस्तवर त्या झाडाला कोनी हात लावायचा नाय." ह्यांनी हात जोडले, चूक आमची आहे म्हणाले. जनूभाऊ ह्यांच्याशी नीट बोलतात, पण आंब्यावर हटून. बरोबरच आहे त्यांचं. आपला सुरू, त्यांचा आंबा.

वि.ने पट्टी कशीबशी सोडवली. मशीन वाचलं म्हणून खूश.

१ मार्च

ती वाट बंद करावी म्हटलं. बावखलाच्या पाण्यावर धुणं न्यायची, रोडवर जायची तीच जवळची. लांबून गेलं तर जनूभाऊंच्या वाडीला अख्खा वळसा. ह्यांनी दोन्हीकडे बाभळीचे काटे लावले. दुपारी बघते तर काटे बाजूला केलेले, नीट रचून. पुन्हा लावले.

२ मार्च

पुन्हा बाजूला.

५ मार्च

लाल फडकं बांधलं झाडाला. माझ्या जुन्या साडीचं. मंदा विचारते, "नवस बोललीस काय गो?"

म्हटलं, अगं खालून जाऊ नका, पडेल. "एवढ्या दिसांत नाय पडला तो आता पडतोय?" आणि जाता जाता खालच्या सुक्या काटक्या मोडून घेतल्या चुलीला. लोंबणाऱ्या झाडाच्या! मी ओरडले तर म्हणे, "वाया जातंय ते."

९ मार्च

हे एका ऑफिसात गेले होते, झाड काढून द्या म्हणायला. त्यांनी विचारलं, झाड तोडायची परवानगी होती का. नव्हती. मग हे उठून आले. दुसरीकडे फोन केला, आग विझवणाऱ्यांकडे. पडलं की कळवा, गाडी पाठवतो म्हणाले.

१४ मार्च

रोज वि.ला विचारते, काय करायचं त्याचं? रोज "उद्या बघतो वैनी". चंदनसारला मोठं काम मिळालंय, सकाळी मशीन खांद्यावर टाकून जातो, काळोख पडायला येतो. आल्यावर दमलेला. पण जेवताना सांगत असतो, आज केवढा पिंपळ, आज केवढा वड, कसा एका दणक्यात. माणूस किती दिवसांनी कामावरून येऊन बोलतोय असं वाटतं. बोलू देते.

त्याला ते लोंबकळणारं झाड दिसतच नाही. तो त्या वाटेने जातच नाही, हे आज लक्षात आलं.

२१ मार्च

मी दुपारी तिथे बसते. भाजी निवडायला घेऊन. कुणी आलं की सांगते, तिकडून जा. काही जण ऐकतात. बाकीचे "हो हो" म्हणतात आणि खालूनच जातात, फक्त जरा भरभर. एक माणूस सायकल घेऊन खाली थांबला आणि मला झाडाबद्दलच विचारत बसला. कधी पडलं, कसं अडकलं. म्हटलं बाबा, पुढे ये आणि मग विचार.

आरती म्हणते, "आई, तू वेडी झालीस म्हणतात लोक."

२८ मार्च, होळी

होळीला लाकूड हवं म्हणून आळीतली माणसं सुरूच्या खालच्या फांद्या तोडून घेऊन गेली. मी होळीपाशी गेले तर ते हिरवट फाटे पेटत होते. कुणाला बोलू? सगळे घरचेच. नैवेद्य टाकला आणि आले.

फांद्या गेल्यामुळे झाड हलकं झालं, आता आणखी पक्कं बसलं, असं वि. म्हणतो. हे म्हणतात उलट. खालचा भार गेला, आता ते कुठल्या बाजूला जाईल ते सांगता येणार नाही.

१३ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. वि.ने मशीनलाही हार घातला. आरतीने नव्या साड्या दाखवल्या, वि.ने प्रत्येक साडीला "ही नको, ही म्हातारीची" म्हणून तिला रडवेपर्यंत हसवलं. त्याने स्वतःच्या कामातून तिला पैंजण आणलेत. चांगला दिवस गेला. लिहून ठेवते.

२० एप्रिल

सुरू पूर्ण वाळला. तांबूस झाला. वारा आला की आंब्यात घासून आवाज करतो, दार कुरकुरल्यासारखा. घरातून ऐकू येतो. हे जेवता जेवता थांबतात.

२६ एप्रिल

आज सरकला.

मी तिथेच होते. खालून मंदाची सून, कडेवर लेकरू. वर काहीतरी तुटलं, झाड हातभर खाली आलं आणि पुन्हा थांबलं. सुया पाऊस पडावा तशा अंगावर. ती मधोमध उभी राहिली, हलेचना. मी पळत जाऊन दंडाला धरून ओढलं. नंतर ती मलाच म्हणाली, "केवडं घाबरवलंत काकी."

घरी येऊन वि.ला बोलले. आयुष्यात पहिल्यांदा एवढं. तुला कळत नाही का, मेली असती, पोर मेलं असतं. तो ताटावर मान घालून बसला. "रविवारी करतो. नक्की. जनूभाऊला विचारून." हे हात धुवून सरळ जनूभाऊंकडे गेले. जनूभाऊ तयार आहेत. त्या अंगाच्या कैऱ्या उतरवतो, मग काय ते करा.

२८ एप्रिल, रविवार

कैऱ्या उतरवल्या. वि. नाही. मुकादमाने सकाळीच बोलावून नेलं, प्लॉट उद्या रिकामा हवा म्हणे. "वैनी, मंगळवारी."

४ मे

आज वही हातात घेतली. हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. आरती आत आहे ह्यांच्यापाशी.

मंगळवार होता तो. ३० तारीख. सकाळी चहा झाला, मी फुलं तोडत होते. हे कुऱ्हाड आणि दोर घेऊन निघाले, मला वाटलं केळीकडे. वि. अंघोळ करत होता. त्याला "चल" म्हटलं नाही. का नाही म्हटलं ते नंतर विचारलं मी. "तो मशीन आनला असता," म्हणाले.

आधी कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. दोन-चारच. मग तो आवाज. आणि मग मंदा माझ्या नावाने ओरडायला लागली. कुणाचं नाव कसं ओरडतात त्यावरून कळतं.

ह्यांनी बुंध्याला धरून ठेवणारा तो पट्टा तोडला. झाड शेंड्याकडून खाली येईल असं वाटलं होतं. शेंडा आंब्यातच राहिला आणि बुंधा खुंटावरून उडी मारून ह्यांच्या अंगावर आला. हे मागे सरताना पाण्याच्या पाटात पडले, आणि बुंधा मांडीवर. पाटात होते म्हणून... नाहीतर छातीवर होता तो.

डोळे उघडे. मला म्हणाले, "फुलं ठेव खाली." हातात परडी होती माझ्या.

माणसं जमली. ढकलून हलेना. पहारी घातल्या, हलेना. जनूभाऊ म्हणाले जोर लावला तर शेंडा सुटेल आणि सगळंच खाली येईल. कुणीतरी म्हणालं कापायला पाहिजे. सगळे वि.कडे बघायला लागले. तो ओल्या अंगाने आला होता, टॉवेलवर. कुणीतरी त्याचं मशीन आणून हातात दिलं.

मी म्हटलं, नको. कापायच्या जागेपासून ह्यांचा पाय वीतभरावर. मी म्हटलं, विलास, नको, तू नको. तो थांबला. ह्यांचे ओठ पांढरे पडायला लागले होते. मग मीच म्हटलं, कर.

त्याने मशीन लगेच चालू नाही केलं. आधी दगड आणायला लावले, लाकडाचे ओंडके, आणि झाडाच्या खाली दोन्हीकडे गच्च भरून घेतले. शेंड्याला दोर टाकून तो माडाला बांधून घेतला. माणसांना लांब केलं, एकेकाचं नाव घेऊन. जनूभाऊंना म्हणाला तुम्ही फक्त वर बघा, काय हललं तर ओरडा. ओली गोणी ह्यांच्या पायावर टाकली, वर फळी ठेवली. मग गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांनी मशीन धरलं. वरून थोडं, मग खालून थोडं. थांबून बघायचा. पुन्हा थोडं. भुसा ह्यांच्या तोंडावर उडत होता, मी पदराने झाकत होते. आवाजात काही सुचत नव्हतं. ह्यांनी माझ्या मनगटाला धरलं होतं ते अजून निळं आहे.

एकही चूक नाही केली. एक केसभर नाही.

एवढं जपून करता येत होतं त्याला. मला तेच तेच आठवतंय. सगळं येत होतं.

६ मे

मांडीचं हाड, खुबा. सळई घातली. पाय वाचेल का विचारलं. डॉक्टर तरुण आहेत, डोळ्यांत बघून बोलतात. "बघू."

८ मे

वि. हॉस्पिटलच्या गेटपर्यंत येतो. आत येत नाही. आरतीने सांगितलंय म्हणे, "काका, बाबांसमोर येऊ नकोस." मला हे तिने नाही सांगितलं, वॉचमनकडून कळलं. तो डबा देऊन जातो. डबा मंदा करून देते.

ह्यांनी विचारलं, "विलास कुठं?" कामावर, म्हटलं. "कामावर नाय जायचा तो आता," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. मला आधी वाटलं रागाने. रागाने नव्हतं.

११ मे

नालासोपाऱ्याची मंडळी भेटायला आली. व्याही ह्यांना म्हणाले, नाना, आधी उठून बसा, मग तारीख बघू, घाई कुणाला आहे. बोलणं गोड. विहीणबाई मात्र आरतीकडे बघत होती, पायापासून डोक्यापर्यंत, नवीनच बघावं तशी. पुढे दिवाळीनंतर म्हणाले. मग "किंवा तुमच्या सोयीने". सोय कुणाची, ते काही मला कळलं नाही.

ते गेल्यावर हे म्हणाले, लग्न ठरल्या दिवशीच करा, मी इथं पडून आशीर्वाद देतो. आरती म्हणाली नाही. दोघंही हट्टी. मी दोघांना पाणी दिलं.

१५ मे

ताप उतरत नाही. जखमेला वास. पायाची बोटं हलवा म्हटलं की हे हलवतात, म्हणजे त्यांना वाटतं की हलवली. माझ्याकडे बघून विचारतात, "हलली ना?"

हो म्हणते.

१९ मे, रविवार

आज.

आरती सकाळपासून ह्यांच्या जवळ बसून पेपर वाचून दाखवत होती. सगळा वाचला, छोट्या जाहिरातींसकट. मुलगा दुपारी एकटाच आला. आईवडिलांना न सांगता आला असावा. स्टुलावर बसून राहिला. जाताना ह्यांची उशी नीट केली.

२६ मे

घरी आणलं. पाय ठेवलाय सध्या. सध्या हा डॉक्टरांचा शब्द. माजघरात खाट टाकली. आळीतले सगळे येऊन गेले. आता सगळ्यांना माहीत होतं की ते झाड पडणार होतं. मंदाच्या सासूने मला सांगितलं, "आमी तवाच म्हनत व्हतो."

वाटेवर काय आहे बघून आले. बुंध्याचा तुकडा बाजूला लोटलेला. बाकी सुरू तसाच, कापलेलं टोक त्या दगडांवर आणि शेंडा आंब्यात. माडाचा दोर कुणीतरी सोडून नेलाय. दोर चांगला होता. लोक खालून जातात.

२९ मे

ह्यांनी वि.ला बोलावून घेतलं. आरती उठून मागच्या दारी गेली. वि. उंबऱ्याशी उभा, चोरासारखा. वाळलाय. हे म्हणाले, "आत ये." आला. "बस." बसला. मग हे म्हणाले, "माझी घाई झाली. मंगळवार म्हनालास, मंगळवारच होता. मी थांबायला पाहिजे होतं." वि.ला रडू आलं ते त्याला थांबवता येईना, उठून गेला.

आरती आत येऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला असं सोडून देता म्हणून हे झालं." मला दोघांचंही पटतं. माझ्या पटण्याला काय अर्थ आहे.

मी स्वतः वि.शी बोलले नाही अजून. बोलायला जाते आणि तोंडात भलतंच येतं. जेवलास का, एवढंच.

१ जून

मनवेलपाड्याचा एक माणूस आला, लाकडाची वखार आहे त्याची. चेनपुली लावून काढतो म्हणाला. येऊन बघितलं, फिरून फिरून बघितलं. शेंडा कुठे कसा अडकलाय ते वर चढल्याशिवाय कळणार नाही आणि वर चढायला तो आपला माणूस देणार नाही. चहा पिऊन गेला.

४ जून, मंगळवार

कालपासून खाडीचा वारा वाढलाय. सुरू पुन्हा तो आवाज करतोय. हे झोपत नाहीत.

सकाळी वि. आला. ओट्यावर बसला. आत ये म्हटलं, नको म्हणाला.

"वैनी, दगड सरकलेत खालचे. आता तो र्‍हात नाय. वारा सुटला की येनार खाली, कुनाच्या डोक्यावर ते ठाऊक नाय. मी पाडतो आज. जनूभाऊला बोललो, आंब्याची फांदी काप म्हनाला. चढून आधी ती सोडवतो, मग बाकीचा."

म्हटलं, दादाला विचार.

"दादा हो म्हनंल. दादा सगल्यालाच हो म्हनतो. तू सांग."

"आणि तुझ्या अंगावर आला तर?"

"म्हनून तं तुला विचारतोय."

एवढ्या वर्षांत ह्या घरात मला कुणी असं विचारलेलं नाही. मी सांगत आले, कुणी ऐकलं नाही. त्याची सवय झाली होती. बोलायचं आणि सोडून द्यायचं. आता माझ्या एका शब्दावर तो चढणार किंवा नाही चढणार.

नाही म्हणावं तर दुपारी मंदाची सून पोराला घेऊन त्याच वाटेने येईल. हो म्हणावं तर... चौथीतलं पोर होतं ते, माझ्या हातून वेणीफणी करून घेताना हसणारं, आईविना. नाही, हे काय लिहितेय मी. त्याला केस होते कुठे वेणीचे. मीच हौसेने भांग पाडायचे.

आत हे जागे आहेत. सगळं ऐकलंय त्यांनी. हाक मारत नाहीत.

मी "थांब जरा" म्हणून आत आले आणि ही वही उघडली. तो ओट्यावरच आहे, खोकल्याचा आवाज येतोय. वारा मघापेक्षा जास्त आहे. वाटेवरून कुणीतरी बायका बोलत चालल्यात, हंड्यांचा आवाज.

उठायला हवं.